खोतांची काठी

जुन्या काठ्या विकत घेत फिरणाऱ्या कुस्तोदियोने ओसरीवर गोणपाट सोडलं आणि काठ्या ओळीने मांडल्या. वेताच्या, शिसवीच्या, हस्तिदंती मुठीच्या.

"ही मसुऱ्याच्या सावकारांची. ही जामसंड्याच्या इनामदारांची. मोठ्या घराशिवाय मी काठी घेणंय नाय."

सुगंधा लेकीला, सीतेला, मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली. मोठ्या घरांतल्या काठ्या या माणसाकडे आल्या कशा? गोव्याहून पोकळ काठ्यांतून सोनं येतं, असं तिने ऐकलं होतं. शिवाय एक काठी बघायला घ्यायची आणि तशीच दिसणारी दुसरी परत द्यायची, यात काय अवघड?

"आमची द्यायची नाही," ती म्हणाली.

"तू गप ऱ्हव गो," सासू हौसाबाई म्हणाल्या. "खोत गेले. आता ती टेकतलो कोण?"

याचंच सुगंधाला नवल वाटत होतं. कट्टा गावात या काठीचा केवढा मान! घरात मुलगा जन्मला की तिच्यावर चांदीचं कडं चढायचं, कड्यावर त्याचं नाव. शेवटचं तिच्या नवऱ्याचं, परशुरामाचं. तो मुंबईला नोकरीत. सीतेच्या पाठीवर मुलगा झाला की त्याचंही चढेल, या आशेवर सुगंधा होती. आणि सासऱ्यांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तोच सासूने आपणहून या माणसाला निरोप धाडला होता.

"आई, ह्यांना विचारलंत?"

"माझ्याच झिलाक काय विचारूचा?"

हौसाबाईंनी काठी गवसणीसकट आणून दिली. सासरे गेल्यापासून ती हौसाबाईंच्याच पेटीत होती. "गवसणी हयसर सोडू नको. घराक जावन बघ."

"न बघता? वयनीनू, मी काय असोलो नारळ घेतंय?" कुस्तोदियो हसला आणि त्याने नाडी ओढली.

सुगंधा पुढे सरकली. बदलाबदल करायची तर आत्ताच करील. तिची नजर त्याच्या बोटांवर खिळली. बोटं मुठीवरून खाली घसरली, एकेका कड्यापाशी थांबत.

"सुगंधा, चूल बघ जा," हौसाबाई म्हणाल्या.

ती हलली नाही.

"देवा रे! नातू झालो तां सांगलात नाय, वयनीनू?" कुस्तोदियोने काठी उजेडात धरली. "परशुरामाच्या फुडे नवा कडा आसा. शिवा. खंय आसा तो?"

हौसाबाईंनी त्याच्या हातातून काठी ओढून घेतली. मग ती गवसणीत सारली.

"मुंबयत."