वाकड्या नळीची बाटली

"हात लावू नका रे," पंचशीलाबाई वर्गातल्या पोरांना म्हणाल्या. "आज अकरावा दिवस."

खिडकीत सलाइनच्या दोन काचेच्या बाटल्या होत्या. दोन्हींत तुरीच्या डाळीचं पाणी, एकाच वेळी उकळलेलं. एकीचं तोंड उघडं. ती तिसऱ्याच दिवशी गढूळली, आता वास मारत होती. दुसरीच्या तोंडाला वाकवलेली नळी. ती अजून नितळ.

"बाई, त्यापरीस डाळ खाल्ली असती की!" कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

महादेवी दारात उभी होती. शाळेचं पाणी तीच भरायची. लातूर जिल्हा झाला, दुष्काळात टँकरही आला. पण तो थांबायचा कोसभर लांब, फाट्यावर. सहा खेपांनी तिची मान अवघडली होती. दुधानं छाती त्याहून जास्त. तान्ह्याला जुलाब लागले तसं सासूनं, सरजाबाईनं, अंगावरचं पाजणंच बंद केलं होतं. "उन्हात फिरतीस. दूध नासलं तुझं. त्यातच किडे उपजाय लागलेत." मग सासूनंच नातवाच्या मायेपोटी पावडरीचं दूध अन् बाटली आणवली. चार दिवस झाले. जुलाब वाढलेच. लेकराचे डोळे खोल गेले.

"बाई, त्या घाण पाण्यात किडे आपोआपच झाले न्हवं?" महादेवीनं विचारलं.

"आपोआप काही उपजत नाही, महादेवी. पाश्चर नावाच्या माणसानं हेच दाखवलं. जीव जिवापासूनच होतो. हवेतल्या धुळीसंगं जंतू येतात. उघड्या तोंडातून आत पडतात. नळीच्या वळणात मात्र अडकतात."

"म्हंजी आतलं सोताहून नासत न्हाई?"

"नाही. वर्षभर ठेव."

महादेवीनं घागर खाली ठेवली.

व्हरांड्यात सरजाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. बाटलीचं निपल फरशीवर पडलं. तिनं ते उचललं, पदरानं पुसलं, पुन्हा लेकराच्या तोंडाशी नेलं. महादेवीनं लेकरू ओढून घेतलं. भिंतीला टेकून खाली बसली. चोळीची गाठ सोडली.

"अगं कैदाशिणी! जीव घेतीस का लेकराचा?"

लेकरानं तोंड लावलं. महादेवीनं डोळे मिटले.

"आत्याबाई," ती दमल्या आवाजात म्हणाली, "ह्या दुधाला अजून वारा बी शिवला न्हाई."