एकाच माणसाची सीट

"नवी मोटरसायकल कशाला? हीच नटवतो," असं बायकोला सांगून उमाकांतने जुन्या गाडीला उंच हँडल, जाड टायर आणि मुद्दाम एकाच माणसापुरती सीट बसवून घेतली. रोज मागे बसून कानात "हॉर्न द्या, ब्रेक दाबा" असं ओरडणाऱ्या सासऱ्यांपासून त्याला सुटका हवी होती.

गाडी दारात आली. सासरे तिच्याभोवती दोनदा फिरले.

"एकच सीट?"

"फॅशन आहे, मामा. तुमची मात्र गैरसोय झाली," पडेल चेहऱ्याने तो म्हणाला. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"गैरसोय कसली, जावईबापू? तीस वर्षं एसटी हाकलीय मी." सासऱ्यांनी लेंगा वर खोचला, त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि पहिल्याच किकला गाडी सुरू केली. "तुम्ही रिक्षा बघा."