परीक्षकाचा शेरा

गठ्ठ्यातला चौथा प्रस्ताव तिचाच होता.

अर्जदाराचं नाव झाकलेलं होतं, संस्थेचंही. पण पोटच्या पोराला ओळखायला नाव कशाला लागतं? विहिरीच्या पाण्यातलं शिसं ओळखणारी स्वस्त कागदी पट्टी. दुसऱ्या पानावरची आकृती तिने चार वेळा खोडून पाचव्यांदा काढली होती.

तिचे सर, म्हणजे विभागप्रमुख, सकाळीच तो गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवून बैठकीला गेले होते. "सरकारच्या तरुण संशोधक योजनेचे अर्ज आहेत. मला परीक्षक नेमलंय. तू वाच, शेरे लिही, मी सही करतो." चार वर्षं हे असंच चाललं होतं. सरांचे शेरे फार मार्मिक असतात, अशी योजनेच्या कार्यालयात ख्याती होती. तीही चार वर्षांतलीच.

तिच्या स्वतःच्या अर्जावरही संस्थेतर्फे सरांचीच सही होती. ती त्यांनी फोनवर बोलता बोलता, पान न उलटता केली होती. आणि कार्यालयाने नावं इतकी चोख झाकली होती, की कुणाचा अर्ज कुणाकडे चाललाय हे कार्यालयालाही दिसलं नव्हतं.

प्रस्ताव परत करावा, असं तिला पहिल्यांदा वाटलं. परीक्षकाने ओळखीच्या अर्जदाराचा प्रस्ताव तपासू नये, असा नियमच होता. पण परीक्षक सर होते, आणि सरांनी काहीच ओळखलं नव्हतं. सगळं नियमात बसत होतं, कारण नियमाच्या लेखी ती तिथे नव्हतीच.

'उत्कृष्ट' एवढं लिहिलं की काम झालं असतं. तिची हंगामी नेमणूक तीन महिन्यांनी संपत होती. योजनेची वयोमर्यादा पस्तीस, आणि तिचं पस्तिसावं पाच महिन्यांत सरणार होतं. ही शेवटची संधी होती. मिळाली तर स्वतःचा प्रकल्प, स्वतःचं नाव.

तिने पेन उचललं आणि अकराव्या पानावर थबकली. तिथे एक वाक्य होतं : 'पाण्यातील लोहाच्या परिणामाचा पुढील टप्प्यात विचार केला जाईल.' दुसऱ्या कुणाच्या प्रस्तावात हे वाक्य दिसतं, तर तिने तिथेच पकडलं असतं. पाण्यात लोह जास्त असलं की पट्टीचा रंग उगाच बदलायचा. शिसं नसतानाही पट्टी शिसं दाखवायची. हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं, म्हणून तर ते अकराव्या पानावर, एका वाक्यात लपवलं होतं.

तिने त्या वाक्याखाली रेघ ओढली. मग लिहायला लागली. खोट कुठे आहे, का आहे, अर्जदाराने ती कशी झाकली आहे. दीड पान झालं. लिहिता लिहिता हात थांबला. लोह आधीच अडवून धरणारा एक पातळ थर पट्टीच्या टोकाला दिला तर? चार वर्षांत हे तिला सुचलं नव्हतं. परक्याच्या खुर्चीत बसली आणि सुचलं. तेही तिने लिहून टाकलं. शेवटी लिहिलं, 'सुधारणा केल्यास विचार व्हावा.'

सरांनी संध्याकाळी उभ्या उभ्या सह्या केल्या.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून तो तिच्याकडे बघत राहिला. "स्वतःचाच पेपर तपासायला मिळाला आणि स्वतःलाच नापास केलंस? धन्य आहेस बाई!" पण मग हळूच म्हणाला, "तो थर मात्र झकास आहे हं."

दोन महिने काहीच कळलं नाही. तिने दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज केले. एका खत कारखान्यात नमुने तपासायचं काम मिळेलसं वाटत होतं. तेवढ्यात एक दिवस सरांनी तिला खोलीत बोलावलं. त्यांच्या हातात योजनेचं पत्र होतं आणि चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुलला होता.

"अगं, तुझा प्रस्ताव मंजूर झाला! तू अर्ज केलायस हे मला बोलली नाहीस कधी. वाच, वाच."

तिने वाचलं. प्रस्ताव मंजूर झाला होता, तीन वर्षांसाठी. खाली अटी होत्या. 'परीक्षकांनी सुचवलेला थर ही या प्रस्तावातील सर्वांत मौलिक कल्पना आहे, असे समितीचे एकमत झाले. सबब प्रकल्पाचे प्रमुख म्हणून परीक्षकांनीच काम पाहावे. अर्जदार साहाय्यक राहतील. प्रमुखांचे वय एकसष्ट असल्याने तरुण संशोधक योजनेतील वयाची अट विशेष बाब म्हणून शिथिल करण्यात येत आहे.'

तिने ते पुन्हा वाचलं. अक्षर न् अक्षर तेच होतं.

"बस गं, उभी का?" सर म्हणाले. "तुझी तीन वर्षांची काळजी मिटली की नाही? पण एक सांगतो, राग मानू नकोस. तुझ्या कामात मोठी खोट होती. नशीब समज, ती माझ्या नजरेतून सुटली नाही."

सरांनी दार लोटून घेतलं, खुर्ची तिच्या जवळ सरकवली आणि कोरा कागद पुढ्यात ओढला.

"उद्या समितीपुढे मला बोलायचंय. तेव्हा ती खोट नेमकी कुठली, तेवढं मला नीट समजावून सांग."