हेडफोनचा दोष

ध्वनिमुद्रणातल्या बारीक चुका कानानं टिपून दुरुस्त करणं, हे तिचं पोटापाण्याचं काम. आणि दिरानं आणून दिलेल्या स्वस्तातल्या हेडफोनची डावी बाजू कायम दबलेली. तिनं जाळी ब्रशनं साफ केली, टोचणाऱ्या गाद्या बदलल्या, वायरही नवी घातली, तरी ढिम्म फरक नाही.

"भाऊजी, स्वस्त आणि मस्त म्हणत माझ्या कानाला हा काय धोंडा बांधलात?"

"नाचता येईना अंगण वाकडं, वहिनी. बरं, उलटा घालून बघा. दोष हेडफोनचा असेल, तर आता उजवीकडे कमी ऐकू येईल. तसं झालं, तर आत्ता जाऊन दुकानदाराच्या तोंडावर मारतो."

तिनं चडफडत हेडफोन उलटा घातला.



आवाज अजूनही डावीकडेच दबलेला होता.