आवाजाची किल्ली

दाराची बेल वाजली, तशी मुलाने लॅपटॉपच्या कडेला खोचलेली किल्ली उपटली आणि शर्टाच्या खिशात टाकली. पेनड्राइव्हसारखी, बोटाच्या पेराएवढी वस्तू. खुर्चीतले बाबा काहीतरी लिहीत होते, ते त्याने वाचलंही नाही. पडदा काळा झाला आणि त्यावर दोनच शब्द उरले : किल्ली जोडा.

बाबांचे आता फक्त डोळे हलायचे. अक्षराकडे बघितलं की अक्षर उमटायचं, वाक्य झालं की यंत्र ते बोलून दाखवायचं. मध्येच बंद पडलं, तर पुन्हा सुरू होताना आधी राहिलेलं बोलून टाकायचं. उभा जन्म बाजारात लिलाव पुकारण्यात गेलेला माणूस. यंत्राचा आवाजही त्यांनी हट्टाने पार वाढवून ठेवला होता. खालच्या मजल्यावरचे वैतागायचे.

मुलगी आली ती थेट बाबांपाशी गेली. "बाबा, खाली गाडी उभी आहे. येताय ना माझ्याकडे?"

"ते कसे बोलणार?" तिचा भाऊ म्हणाला. "किल्ली हरवलीय. तिच्याशिवाय प्रोग्रॅम उघडतच नाही."

"मग दुसरी आण ना, दादा."

"कुठून आणू? कोणी फुकट कॉपी करू नये म्हणून तर कंपनीने किल्ली दिली होती. आता कंपनीनेच गाशा गुंडाळलाय. चोरांचं काही बिघडलं नाही बघ. ज्याने रीतसर विकत घेतलं, त्याच्याच तोंडाला कुलूप."

हे बोलताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मुलीने बाबांचा हात हातात घेतला. मनगटाभोवती काळानिळा वळ होता.

"हे काय?"

"पट्टा. खुर्चीतून घसरतात ना."

"इतका आवळतात?"

"तू चार दिवस राहून बघ, मग बोल."

ती बाबांच्या समोर वाकली. "बाबा, माझ्याकडे यायचं असेल तर वर बघा."

बाबांनी वर बघितलं.

"पंखा बघतायत," भाऊ म्हणाला. "दिवसभर तेच चालतं त्यांचं."

"नाही, मला उत्तर दिलं त्यांनी."

"बरं. मग परत विचार."

तिने परत विचारलं. या वेळी बाबांचे डोळे वर गेले नाहीत. ते भावाच्या शर्टावर, खिशापाशी येऊन थांबले आणि तिथून हलेनात.

"बघ. आता माझ्याकडे बघतायत. मग काय, माझ्याकडेच राहायचंय असं धरू?"

तिला रडू कोसळलं. बाबांच्या एका शब्दासाठी ती एवढ्या लांबून आली होती, आणि नेमका तोच मिळत नव्हता. तसंच उचलून न्यावं आणि त्यांना नकोच असलं तर? तिचा धीर होईना.

"मी शोधते किल्ली," ती डोळे पुसत म्हणाली. "कुठेतरी मिळेलच. मग येते."

"ये की. घर तुझंच आहे."

दार लागलं. जिन्यात तिच्या चपला वाजू लागल्या, तेव्हा कुठे भावाच्या जिवात जीव आला. खुर्चीतून घरघर ऐकू आली. बाबांचे ओठ सुकले होते. पाणी हवं, की कूस बदलायची, की आणखी काही, त्याला कळेना. दिवसभर असे अंदाज लावत कोण बसणार? त्याने वैतागून खिशातली किल्ली काढली आणि लॅपटॉपला लावली.

पडदा उजळला.

"हं, बोला आता. काय हवंय?"

बाबांनी पडद्याकडे बघितलंच नाही. ते त्याच्याकडेच बघत राहिले. पण यंत्राचं आधीचं देणं बाकी होतं, आणि ते भर बाजारात पुकारावं तसं बोललं.

"पोरी, मला इथून घेऊन जा. हा मला"

त्याने झडप घालून किल्ली उपटली.

जिन्यातल्या चपला थांबल्या होत्या.