नव्या खोलीचा रंग

सुनेला काही विचारावं तर ती तोंडाला कुलूप घालून उभी राहायची, आणि जयवंताबाईचं डोकं फिरायचं ते तिथंच. औंदा कापसाला सोन्याचा भाव आला म्हणून लेकानं, उत्तमरावानं, अकोल्याच्या घराला नवी खोली जोडली होती. रंगाऱ्यानं भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढून दाखवले, एक गेरूचा तांबडा, एक चुन्यात नीळ कालवलेला. "सुभद्रेच्या मनाचा रंग देऊ, म्हंजे तं रुसणार नाही ना?" असं मायला म्हणून उत्तमराव बाजाराला निघून गेला होता.

"अवं सुभद्रे, बोल ना! तांबडा का निळा? रंगारी कवाचा उभा हाय, तुह्या तोंडात काय मूग भरले?"

सुभद्रा भिंतीकडे न पाहताच बोलली, "मले कावून इचारता, आत्याबाई? येतेच हाय ना नवी नवरी आखाजीच्या सणाले. खोली तिची, तिलेच इचारा."

साऱ्या गल्लीला गप्प करणाऱ्या जयवंताबाईचं घरात मात्र काही चाललं नव्हतं. लेकाचं हे दुसरं लग्न मोडावं म्हणून तिनं चूल पेटू दिली नव्हती, शिव्या दिल्या, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. लेक बाहेरून जेवून आला, बस्स. तिनं रंगाऱ्याला पाणी प्यायला अंगणात पाठवलं आणि सुनेजवळ सरकली.



"पोरी, त्याले थांबवनं माह्या हाती नाही राह्यलं. तुले जो रंग डोयानं पाह्यवत नाही, तो सांग. सवतीच्या खोलीले तोच देऊ."