पिवळ्या गाडीची बॅटरी

वरद, तू नुसतं ऐक. मधी बोलू नगंस, न्हायतर माझं तुटतंय.

आपला दानिश, कराडचा बॅटरीवाला. त्याला उंब्रजवरनं जयराजदादाचा फोन आला. ज्याचे उसाचे ट्रक हायती त्यो. त्याच्या बंगल्यात ती पिवळी गाडी न्हाई का, दोन शिटांची, भुईला टेकलेली? तीच. लय हौसेनं आणली, पण स्पीडब्रेकर आला की तिचं पोट घासतंय. मंग काय, गाडी बाहीर निघती दसऱ्यालाच. पूजा करायची, चाकाखाली लिंबं ठेवायची, हायवेला एक चक्कर मारायची आन् परत शेडात. शटर खाली.

तर गाडी मेली. दानिश गेला, बघितलं, म्हणला, "दादा, उभ्या गाडीची बॅटरी उतरतीच. अधनंमधनं चालू करत जावा."

नवी बसवली. थोडे दिवस गेले की परत फोन. "दानिश, तुझी नवी बी गेली की रं."

आता दानिशला फुटला घाम. दादानं त्याला आधीच सांगितलं हुतं, दसऱ्याला गाडी एका झटक्यात चालू झाली पायजे. झाली, तर हंगाम सुरू व्हायच्या आत माझ्या समद्या ट्रकांचं काम तुझं. आन् दानिशच्या अब्बांचं, इलाहीचाचांचं दुकान आता कसं चाललंय ते तुला म्हाईत हाय. निम्मा दिवस माशा मारत्यात. त्या ट्रकांवरच समदं हुतं गड्या.

मीटर घेऊन गडी दुपारभर शेडात. करंट कुठं गळतोय ते शोधायचं. एकेक वायर बघितली. गळती न्हाई. निसता हॉर्नचा फ्यूज जाग्यावर नव्हता.

"दादा, ह्यो फ्यूज कुनी काढला?"

"मीच. अलार्म उगं बोंबलतोय. शेजारी बोलाय लागले."

"बसवू का?"

"ऱ्हाऊ दे."

मंग दानिश आत बसला, आन् वर बघतोय तर छताचा दिवा. बटण दाबलेलंच. तिथंच चोर घावला.

"दादा, आतला दिवा चालू ऱ्हातोय. बॅटरी तोच खातोय."

दादा हसला. "ह्या आमच्या बाईसाहेब. सांगलीच्या हायती, लय शिकलेल्या. गाडीत बसून पुस्तकं वाचत्यात. दिवा बंद करायचं ध्यानात न्हाई."

अपूर्वावहिनी चहा घेऊन दारातच उभ्या हुत्या. "हो, माझीच चूक," म्हणल्या.

आपल्या दानिशला गप बसवतंय व्हय? "आवं वहिनी, एवढ्या बंगल्यात ट्यूबलाइट न्हाई का?"

दादा हसून हसून लाल. वहिनी बी जरा हसल्या. कप खाली ठेवला आन् आत गेल्या.

"किती सांगितलं तरी सुधरत न्हाई ती," दादा म्हणला. "असं कायतरी कर, की तिनं बटण दाबलं तरी दिवा लागला न्हाई पायजे."

दानिशचं डोकं चाललं. "कट-ऑफ बसवू दादा. बॅटरीच्या मायनसवर स्विच, त्याला लाल चावी. चावी फिरवून काढून घ्या, गाडी पार मुकी. दिवा लागायचा न्हाई, काच उतरायची न्हाई, कायच न्हाई. वर्षभर उभी करा, बॅटरी जशीच्या तशी. स्विच पुढच्या जाळीत बसवतो, खालनं हात घालायचा. आत बसलेल्याला घावायचाच न्हाई."

"ह्याला म्हणत्यात डोकं."

"पर आदी लॉक करा, मंग चावी काढा. न्हायतर रिमोट चालायचं न्हाई. उघडायला साधी किल्ली हायच."

"लॉक लय भारी हाय हिचं," दादा म्हणला. "रिमोट दोनदा दाबलं की आतनं बी दार उघडत न्हाई. चोर आत घुसला तर आतच बसंल."

"मंग चोराला बी पुस्तक द्या," दानिश म्हणला. परत दोघं हसले.

बसवला कट-ऑफ. दसरा तोंडावर आला तसा दानिश बघायला गेला. चावी घातली, बटण दाबलं, अन् गाडी अशी गुरगुरली म्हणतोस. दादानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "ट्रकांचं काम तुझं. सोमवारपास्नं लाग कामाला." तेवढ्यात फाटकावर कोण ड्रायव्हर आला, दादा तिकडं गेला.

दानिश मनातल्या मनात अब्बांना पेढे भरवत हुता. गाडी बंद केली, खालनं हात घालून लाल चावी काढली. उठतोय तर वहिनी मागं उभ्या.

"दानिशभाऊ, हा स्विच आतून बसवता येईल?"

"आवं, आता कशाला? दिव्याची कटकट मिटली की."

वहिनींनी फाटकाकडं बघितलं. आवाज एकदम बारीक.

"पुस्तक कधीच नव्हतं, भाऊ. हे मला गाडीत कोंडून शटर ओढतात. हॉर्न वाजवला म्हणून फ्यूज काढला. तेवढा दिवा राहिला होता."

दादा फाटकाकडनं येतच हुता, हात पुढं करून. "आण ती लाल चावी." वरद, चावी तुझ्या मुठीत असती, तर तू काय केलं असतंस रं?